बाहेर बसण्याचा नियम

लायडनच्या कालव्याकाठी वाऱ्याने दोन सायकली एकमेकींवर आडव्या पाडल्या. त्या सोडवता सोडवता सित्स्के आणि वाउटर यांची ओळख झाली. ती नेदरलँड्सच्याच उत्तरेकडील फ्रीसलंड प्रांतातून नुकतीच आलेली, तो लायडनचाच, हॉलंड प्रांतातला. दोघेही परक्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांचे अभ्यासक निघाले.

पुढे वर्षभर एका ग्रहावरून त्यांचे वाद रंगले. तांबूस, खुज्या ताऱ्याभोवतीचा तो ग्रह सित्स्केने निवडला होता. अंतराळातील दुर्बीण तिकडे वळली, तर त्याच्या वातावरणातून गाळून आलेला प्रकाश तपासता येणार होता. परंतु दुर्बिणीचा वेळ दुर्मिळ, आणि ग्रह शेकडो. कोणता घ्यावा, हे ठरवणाऱ्या समितीत वाउटर होता.

निवडीच्या सकाळी, समितीच्या दालनाच्या दाराशी, त्याने तिला कॉफी आणून दिली.

"बिस्किट एकच? तुम्ही हॉलंडवाले एवढे चिक्कू कसे रे?"

"दुसरं मागणाऱ्याला आम्ही घरी पाठवतो."

ती हसली, पण पेल्याभोवतीची बोटे सैल झाली नाहीत. "अध्यक्षीणबाई ताऱ्यावरच्या डागांवरून मला सोलणार. म्हणतील, प्रकाशात दिसेल ती पाण्याची वाफ ग्रहावरची नाहीच, डागांमधली आहे."

"म्हणणारच."

"त्यांना उत्तर देईल असा आत तू एकटाच आहेस."

"आत पहिला प्रश्न ठरलेला असतो, सित्स्के. कुणा अर्जदाराशी जवळचा संबंध आहे का? असेल त्याने बाहेर बसायचं."

"मग? आपला संबंध सायकलींचा."

वाउटर हसला नाही. त्याच्या डोळ्यांत जे होते, ते तिने वाचले.

"आज नको… उद्या सांग. उद्या दिवसभर ऐकते."

तो आत गेला. दार मिटले. बाकावर बसलेल्या सित्स्केची नजर त्या दारावरून हलेना. थोड्याच वेळात ते उघडले, आणि वाउटर एकटाच बाहेर आला.

"काय सांगितलंस?"

"खरं ते. त्यांनी विचारलं, नातं कोणतं? म्हटलं, तिला विचारायचंय अजून. माझ्याकडून मात्र पुरतं आहे."

"माझा ग्रह बुडवलास तू. एक दिवस गप्प बसवलं नाही?"

"बसलो असतो, तर ग्रह निवडला गेला असता. पण त्याच्या गुणांनी की माझ्यामुळे, हे तुला कधी कळलं नसतं."

ती उठून खिडकीशी गेली. कालव्याच्या पाण्यावर वारा शहारे उठवीत होता. तिच्या मनात क्रोध होता, आणि त्या क्रोधाखाली दुसरे काही, ज्याला ती अजून नाव देऊ धजत नव्हती.

अखेर समितीचे चिटणीस बाहेर आले. "यंदा नाही, सित्स्के. तुझा ग्रह राखीव यादीत ठेवलाय. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर."

ते आत परतले. सित्स्के सावकाश बाकाशी आली आणि वाउटरला खेटून बसली.

"पुढच्या वर्षीही तुला आत बसता येणार नाही," ती म्हणाली.

"नाही?"

"नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी… कधीच नाही."