शेवटपर्यंत लिहिलेली पानं

"अमादेओचं पत्र आलं का गं?" पापांनी विचारलं, आणि एउलालिया शेगडीवरचा राजमा ढवळायची थांबली.

"आलंय की. मागच्या रविवारच्या मॅचचं पान धाडलंय."

सान हासिंतो बंदरातल्या त्या घरात पेलिकन संघाच्या प्रत्येक बेसबॉल सामन्याचं एकेक पान वहीत लिहिलं जाई. रेडिओवर सामना ऐकला, तरी पान वाचल्याशिवाय तो संपला असं पापांना वाटत नसे. आजोबांनी वही सुरू केली, पापांनी चालवली, आणि एउलालिया थोरली असूनही ती तिच्या धाकट्या भावाच्या, अमादेओच्या हाती दिली. "वही मुलाकडे राहते," एवढंच ते म्हणाले होते. पुढे अमादेओ कामासाठी उत्तरेकडे गेला, त्याची पत्रं थांबली, पापांची दृष्टी गेली... आणि गेली नऊ वर्षं एउलालियाच रेडिओला कान लावून एकेक फटका चोरून टिपत होती, भावाच्या नावानं वाचून दाखवत होती. त्या नावानं पापांचा चेहरा उजळे. त्या उजेडात ती स्वतःचं दुःख विसरू पाही.

ती वाचू लागली. सातव्या डावात पेलिकन नऊ धावांनी मागे. आठवा डाव. नववा. शेवटचा खेळाडू बाद, पेलिकन हरले.

पापांनी तिच्याकडे तोंड वळवलं.

"हरायला लागलं की अमादेओ पेन्सिल फेकून समुद्रावर निघून जायचा. हरलेली मॅच त्यानं एकदाही शेवटपर्यंत लिहिली नाही, पोरी."

तिनं पान खाली ठेवलं. "म्हणजे तुम्हाला..."

"पहिल्याच पानाला कळलं. शिवाय या गावात टपाल दर आठवड्याला वेळेवर कधी आलंय?" ते हसू गेले, पण आवाज फुटला. "पोरगा आठवण काढतोय, हे खोटं मला हवं होतं गं. त्यासाठी तुझी नऊ वर्षं मी त्याच्या नावावर जाऊ दिली. वही आण. पहिल्या पानावर, वही लिहिणाऱ्या आमच्या नावांखाली तुझं लिही."

तिनं पेन्सिल दाबून दाबून लिहिलं, आणि कागदावर उमटलेल्या त्या खाचांवरून पापांचं बोट फिरवलं. त्यांनी नाव दोनदा चाचपलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ते बोट हळूच वरच्या ओळीवर सरकलं, अमादेओच्या नावावर, आणि तिथेच थांबलं...

एउलालियानं ते हलवलं नाही. रेडिओवर आजचा सामना सुरू होत होता. डोळे पुसून, पापांच्या शेजारीच बसून, तिनं नवं पान उघडलं.