कमरेएवढा बैल

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जन्मजात दोष. दोन हजार तीन साली, बकरी ईदच्या चार दिवस आधी, ओमानमधल्या इब्रीच्या जनावरांच्या बाजारात तो भर गर्दीत उघडा पडला.

तिथं गिऱ्हाइकं गोल करून उभी राहतात आणि विकणारे जनावराला मधून फिरवतात. आम्ही सात कोकणी घरं मिळून एका जनावरात वाटे घेणार होतो. एक बुटका, पोरगेलासा तरुण काळंभोर जनावर घेऊन समोर आला. ते जेमतेम माझ्या कमरेएवढं होतं.

"अब्बा, हे तर वासरू," मी म्हटलं. "दोन वर्षांखालच्याची कुर्बानी होत नाही."

झालं. बाकीच्या सहा घरांचे कर्ते पुरुष लगेच बकऱ्यांकडे वळले.

तो तरुण मात्र जागीच थांबला. "मी रेहान. म्हसळ्याचा," तो मराठीत म्हणाला आणि मी गारच पडले. त्यानं जनावराचा खालचा ओठ हलकेच ओढला. मधले दोन दात... रुंद, पक्के, दुधाचे पडून आलेले. "हा बैल आहे, तीन वर्षांचा. जातच बुटकी."

"म्हणजे हा... एवढाच राहणार?"

"एवढाच. माझ्यासारखा."

तो हसला, पण डोळे हसले नाहीत. मग कळलं ते असं — त्याच्या अर्बाबची, म्हणजे मालकाची, खजुराची बाग लहान, पाणी पाळीनं मिळणारं. मोठी जनावरं सगळा लसूणघास फस्त करायची. म्हणून रेहाननंच मांसासाठी ही लहान जनावरं पाळायला लावली होती. आज पहिला बैल विकला गेला नाही, तर अर्बाब म्हणाला होता, खलास. जनावरं जातील, रेहानचा व्हिसाही जाईल. आणि या बैलापाशी फक्त आमचीच सात घरं थांबली होती.

माझ्या पायाखालची वाळूच सरकली. एका वाक्यात मी एका माणसाला घरी पाठवत होते! त्याच्या पापण्यांवर धूळ बसली होती, आणि तो मला रागावतही नव्हता. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

मी ओढणी खोचली, बकऱ्यांपाशी गेले आणि सगळ्यांना सांगितलं की मी चुकले. त्यांतले सर्वांत वडील जाफरचाचा म्हणाले, "पोरी, दात न बघताच बोललीस?" मी त्यांना घेऊन आले आणि भर बाजारात स्वतःच बैलाचा ओठ ओढून धरला. हातभर लाळ लागली. भोवतीचे ओमानी बघत राहिले, अब्बाही. मी कासऱ्याला हात घातला तेव्हा रेहानचा हातही तिथंच होता.

जाफरचाचांनी चष्मा लावून दात पाहिले. "दोन दाती आहे, वयात बसतो. घ्या."

ईदनंतर रेहान अब्बांच्या शिंपीकामाच्या दुकानात सदरा शिवायला आला. मग दुसरा शिवायला, मग तिसरा. मी काज-बटणं करायची, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. चौथ्या वेळी तो कापड न घेताच आला. अब्बा आत नमाज पढत होते.

"तुम्हाला मी अठराचा वाटतो का?" त्यानं विचारलं.

"एकोणीसचा," मी म्हटलं.

"सत्तावीसचा आहे. अम्मी गावाकडे मुली बघतेय."

सुई थेट बोटात गेली. सत्तावीस! आणि मुली... मी त्याला किती जीव लावून बसलेय ते मला तिथंच कळलं.

"तिला मी तुमचं नाव सांगितलंय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "पण... तुम्ही माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहात."

या वेळी मी जीभ उचलण्याआधी त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

"उंची बघून मी एकदा फसलेय," मी म्हटलं. "थांबा. अब्बांची नमाज होऊ दे."