बावरेलांच्या तळघरातली दोन पिंपं

"बारा वाजता पोलीस येतील," बावरेलांचं तळघर सांभाळणारा म्हातारा फिर्मां म्हणाला. "त्याआधी सांगा बाई, चाळीस वर्षं मी त्या घरात चोर म्हणून राबलो का?"

ओदिल तिसो यांनी कॉफी अर्धवट सोडली आणि कोट चढवला. सरकारी भेसळ-तपासणीतून निवृत्त झाल्यावर आमच्या मोंफेरोल गावात त्या खासगी तपास करीत. सोबतीला त्यांचे मेहुणे लेआंद्र मास्तर असत, मुख्यतः चुकीचे अंदाज बांधायला.

हकिगत थोडक्यात अशी. ऑग्युस्त बावरेल वसंतात वारले. जाण्याआधी त्यांनी लावलेली शेवटची पिवळी वाइन, अकरा पिंपं, सहा वर्षं तळघरात मुरत होती. काल पिंपांच्या पोटातल्या छोट्या तोट्यांमधून चव घेतली गेली. नऊ पिंपं अस्सल निघाली. शेवटच्या दोन पिंपांतून मात्र मागच्या हंगामातली कच्ची पांढरी वाइन आली. सुगीच्या वेळी तीच दोन पिंपं उत्तम लागली होती. कुलूप शाबूत होतं. एक किल्ली फिर्मांच्या कमरेला असे, दुसरी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. ऑग्युस्तच्या पत्नी सोलांज यांनी कालच ठाण्यात जाऊन फिर्मांचं नाव दिलं.

सोलांज बावरेल दारातच उभ्या होत्या. "याला घेऊन कशाला आलात? माझ्या नवऱ्याच्या हातची शेवटची वाइन गेली, आणि हा वकिली करायला माणसं आणतोय!"

फिर्मांने मान खाली घातली. 

तळघरात ओदिलबाई एकेका पिंपावर बोटांची पेरं वाजवत गेल्या. वरच्या अंगाला पोकळ आवाज, खाली भरीव. नऊ पिंपं अशीच वाजली. शेवटची दोन वरपासून खालपर्यंत भरीव वाजली. बाईंनी त्यांतल्या एकाचं वरचं बूच काढलं आणि बोट आत घातलं. बोट लगेच ओलं झालं.

"गळत नाहीत, हे बरं झालं," मास्तर म्हणाले.

"मास्तर, गप्प बसा."

शेजारचे आन्सेल्म रूसो तेवढ्यात जिना उतरून आले. सात पिढ्यांचे द्राक्षवाले, गावच्या वाइन समितीचे प्रमुख. काल चव घेणारे तेच.

"तुमचं आणि ऑग्युस्तचं वीस वर्षं वाकडं होतं म्हणे," ओदिलबाईंनी विचारलं.

"होतंच! त्याची ती निळ्या चिकणमातीच्या जमिनीची पट्टी मला हवी होती आणि त्याने मरेपर्यंत दिली नाही. म्हणून मी त्याची वाइन चोरीन? मग ती प्यायला माझी जीभ धजेल?"

"सुगीच्या जेवणाला तुम्ही स्वयंपाकघरात होता. तिथे किल्ली होती."

"अख्खं गाव होतं! बाई, ही वाइन म्हणजे खेळ नाही. सहा वर्षं तिला पिंपात आटू द्यायची, वर एक थेंबही घालायचा नाही. तेव्हा तिच्यावर पापुद्रा धरतो आणि अक्रोडाचा वास येतो. शेंबडं पोरगंही सांगेल तुम्हाला."

"खरंय," फिर्मां पुटपुटला. "मालक तर तो पापुद्रा हलू नये म्हणून इथे खोकायचेसुद्धा नाहीत."

अकरा वाजून गेले होते. मास्तर सारखे घड्याळाकडे बघत होते.

जावई बास्तियाँ अंगणात आपल्या शेडसमोर छाटणीच्या कात्र्यांना धार लावत होता. हसतमुख गडी.

"आमचे सासरे फिर्मांवर जीव टाकायचे," तो म्हणाला. "म्हणूनच जास्त वाईट वाटतं. पण किल्ली त्याच्याकडेच होती ना?"

"तुम्ही तळघरात मदत करता का?"

"सासरे होते तोवर नाही. मला कमी समजायचे. आणि नदीपलीकडे आमच्या बर्गंडीत मी दहा वर्षांचा असल्यापासून कामाला! दर शनिवारी शाळेआधी सगळ्या पिंपांना वाइन पाजायची, टोपणाला टेकेपर्यंत. एक जरी उणं राहिलं, तर वडील न्याहारी देत नसत."

"कडक होते."

"होते, पण हाताला वळण लागलं."

ओदिलबाईंनी मान डोलावली आणि सगळ्यांना तळघरात बोलावलं. पोलीस यायला वीस मिनिटं उरली होती.

"चोराने दोन पिंपं रिकामी केली," त्या म्हणाल्या. "मोकळी ठेवली तर आवाजावरून कळेल, म्हणून कच्ची वाइन ओतली. चूक ओतण्यात झाली नाही. ती कुठे थांबायचं यात झाली. वाजवून बघा."

आन्सेल्मनी पिंपावर पेरं आपटली. मग शेजारच्यावर आपटली. त्यांचा चेहरा पालटला.

"काठोकाठ! हे... हे इथला कुणी करणारच नाही!"

"फिर्मां तर नाहीच. त्याने चोरी केली असती, तर सहा वर्षांत जेवढी जागा रिकामी होते तेवढी बोटाने मोजून सोडली असती. तुम्हीही तेच केलं असतं. इथल्या माणसाचा हात आपोआप थांबतो. पण एका माणसाला लहानपणापासून उलटं शिकवलंय. त्याच्या गावी पिंप उणं ठेवणं म्हणजे वाइन नासवणं. बास्तियाँ, इथली रीत तुम्ही कानांनी ऐकली होती. घाईत हात मात्र शनिवारच्या जुन्या सवयीवर गेले."

ओदिलबाईंनी जिन्याकडे पाऊल टाकलं.

"तुमची शेड उघडू या का?"

बास्तियाँचं हसू कधीच गेलं होतं. "अकरा वर्षं!" तो ओरडला. "अकरा वर्षं मला 'नदीपलीकडचा' म्हणून या जिन्यावरून परत पाठवलं. एकदा, फक्त एकदा जत्रेत पंचांपुढे माझ्या नावाची बाटली ठेवायची होती. आणि त्यांनी वाखाणली असती!"

"वाखाणली असती," ओदिलबाई म्हणाल्या. "पण ती वाइन ऑग्युस्तची. आणि या म्हाताऱ्याला तुम्ही तुरुंगात जाऊ दिलं असतं, हे मला विसरता येणार नाही."

सोलांजबाई पिंपाला धरून उभ्या होत्या. त्या फिर्मांकडे वळल्या. "फिर्मां, माझं चुकलं रे. ही नऊ पिंपं तूच सांभाळ. यांना तुझ्याशिवाय कोण आहे?"

"मालकीणबाई," फिर्मां शांतपणे म्हणाला, "माझं घर तुमच्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. पोलिसांचं ठाणं बारा किलोमीटर. काल तुम्ही बारा किलोमीटर गेलात."

त्याने टोपी घातली. आन्सेल्मनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. तो जिना चढून वर गेला, आणि सोलांजबाईंनी दोनदा हाक मारली तरी त्याने मागे वळून पाहिलं नाही.