बरणीवरचं नाव

यातला शब्दन् शब्द खरा आहे. माझं नाव तेवढं सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.

गेल्या ऑगस्टमधला दुसरा रविवार. दुपारचे तीन. गिमाराइंश गावाच्या खाली, आव्ह नदीकाठी आमचा कापड रंगवायचा कारखाना आहे. ऑगस्टमध्ये अख्खं पोर्तुगाल समुद्रावर पळतं, तेव्हा कारखानाही बंद. आत मी एकटीच.

रंगाचं सांडपाणी साफ करायचं काम झुल्मिराकडे आणि माझ्याकडे होतं. मी विद्यापीठातून आणलेली बुरशी वाढवायचे. ती दर वेळी सडायची. झुल्मिराने चर्चमागच्या पडलेल्या ओकच्या झाडावरून एक बुरशी खरवडून आणली, बारा बरण्यांत बुचाच्या तुकड्यांवर वाढवली... आणि तीन दिवसांत निळंशार पाणी नितळ.

माझा जळफळाट झाला. उगाच कशाला लपवू?

बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांवर ती पेन्सिलने स्वतःचं नाव लिहायची. "पेन नको गं बाई," मला चिडवायची. "स्पिरिटचा हात लागला की शाई गेलीच. तुझ्या बुरशीसारखी."

मार्चमध्ये ती झोपेतच गेली.

तिसऱ्या दिवशी मी खोडरबर घेतलं. बाराही चिठ्ठ्यांवरून तिचं नाव पुसलं आणि निळ्या पेनने माझं लिहिलं. सप्टेंबरमध्ये नगराध्यक्ष सांडपाण्याची टाकी बघायला येणार होते. पेपरात फोटो येणार होता. एकदा तरी माझा.

त्या रविवारी बुरशीला खाणं घालायला गेले. फाटकावर म्हातारा पहारेकरी अडेलीनो कलिंगड खात बसला होता.

"झुल्मिराची लेकरं बघायला आलीस?"

"माझी आहेत ती."

"पाच महिने झाले बिचारीला जाऊन. अजून तिचं नाव काढलं की तुझं तोंड लिंबू खाल्ल्यासारखं होतं."

मी आत गेले.

टाकीत हवा सोडणारा पंप चालू होता. बुडबुड... बुडबुड...

मग तो थांबला.

आणि त्या शांततेत... टक्... टक्... टक्...

झुल्मिरा अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून प्रत्येक बरणीवर वाजवायची, काचेला चिकटलेले तुकडे खाली बसावेत म्हणून. तोच आवाज. एकेक बरणी पुढे सरकत होता.

बारा झाले. थांबला.

मी बरण्यांच्या फडताळापाशी गेले. कोणी नव्हतं.

बाराही चिठ्ठ्या... कोऱ्या.

बुरशी रंग खाते, हे मला कळतं. पण बुरशी काचेच्या आत होती आणि चिठ्ठ्या बाहेर. स्पिरिटची बाटली तर सुटी लागल्यापासून रिकामीच होती.

मी पुन्हा नाव लिहिलं. डोळ्यांदेखत अक्षरं फिकट झाली... गेली.

तिसऱ्यांदा लिहिलं. गेलं.

मग त्याच पेनने एका चिठ्ठीवर लिहिलं, झुल्मिरा.

ते राहिलं.

पंप आपोआप सुरू झाला.

खरं सांगू? भीती नंतर वाटली. आधी पोटात दुखलं. मेल्यावरसुद्धा हिचंच नाव टिकावं?

सप्टेंबरमध्ये पेपरात झुल्मिराचा फोटो आला. मीच दिला. वाटलं, आता तरी सुटले.

काल पोस्टात पार्सल घ्यायला गेले होते. कागदावर सही केली. कारकुनाने तो उलटून पाहिला आणि माझ्याकडे सरकवला.

"बाई, सही राहिली."

पुन्हा केली. त्याने पुन्हा कागद सरकवला...

हे सगळं भाचीने टाइप करून दिलंय. खाली तुझं नाव घालू का, विचारत होती.

मी म्हटलं, राहू दे.