उत्तरापुरती जागा

शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ते रेडिओ केंद्र होतं. पुढच्या खोलीत माईक आणि काकू, मागच्या खोलीत ट्रान्समीटर. शहर तासाभरावर, आणि तिथल्या आमच्या बड्या केंद्राचा आवाज या गावातही खणखणीत येतो. मग नुकतंच विकत घेतलेलं हे चिमुकलं केंद्र पोसायचं कशाला? तेच बघायला कंपनीनं मला, म्हणजे इंजिनियरला, पाठवलं होतं. निकाल मनात ठरवूनच मी जिना चढलो.

सकाळी यंत्रं तपासली आणि काकूंचा कार्यक्रम ऐकायला त्यांच्याजवळच बसलो. ऐकता ऐकता मी हातच टेकले. बाईंचा आवाज गोड, बोलणं घरच्यासारखं. पण काहीही विचारलं की त्या गप्प बसायच्या. "दवाखान्यात गर्दी आहे का हो?" आणि नुसती शांतता! आमच्या धंद्यात हे पाप. आवाज थांबला की श्रोता बटण फिरवतो.

गाणं लागल्यावर मी म्हणालो, "काकू, असं मध्येच थांबू नका."

"अहो, विचारलं की थांबायला नको? समोरच्यानं बोलायचं कधी?"

कपाळ! प्रसारण कसं येतंय ते बघायला मी सोबत आणलेल्या रेडिओला हेडफोन लावले.

पुढच्या शांततेत कुणीतरी खोकलं. खालच्या दुकानातलं असेल, म्हणून मी उठून खिडकी लावली. त्यानंतरच्या शांततेत बाळ रडलं, आणि त्याला थोपटल्याचा आवाज आला.

दुपारी शिंपी धापा टाकत वर आला. "काकू, दादा सकाळपासून घरात नाहीत. सगळीकडे शोधलं." त्याच्या म्हाताऱ्या वडिलांना हल्ली घरचा रस्ताही आठवत नसे.

काकूंनी गाणं थांबवलं. "दादा, कुठे आहात?"

शांतता. हेडफोनमधून माझ्या कानात कबुतरांची फडफड. टपटप गळणारं पाणी. अगदी जवळ, म्हाताऱ्या माणसाचा श्वास.

"तिथंच बसा हं. मुलगा येतोय." मग शिंप्याकडे वळून, "जुन्या टाकीखाली."

दादा तिथंच सापडले, कानाशी खिशातला रेडिओ धरून. "काकूंनी बस म्हटलं, बसलो," म्हणाले.

मला त्या बाईंचं मनापासून कौतुक वाटलं. आमच्याकडे डझनभर निवेदक, पण आपला एक तरी श्रोता कुणाला ठाऊक आहे?

साहेबांना फोन करायला मी मागच्या खोलीत गेलो. तिथं ट्रान्समीटर बंद होता.

सकाळी शहराचा सिग्नल मोजायला मीच तो बंद केला होता. पुन्हा लावायचा राहून गेला होता.

खाली दुकानातल्या रेडिओवर काकू बोलत होत्या.

 ट्रान्समीटर तसाच ठेवून मी फोन लावला.

"मग, बंद करायचं ना?" साहेबांनी विचारलं.

"नको. इथं लोक ऐकतात, साहेब."

"सिग्नल किती?"

ट्रान्समीटरचा काटा शून्यावर होता. "पुरतो," मी म्हणालो.

साहेब विचारात पडले. खाली शिलाई मशीन थांबलं. रस्त्यावरची वर्दळ थांबली. काकूही थांबल्या.

"बरं, राहू दे चालू."

आणि फोनमध्ये, साहेबांच्या अगदी पाठीमागे, कितीतरी माणसांनी एकदम सुटकेचा श्वास सोडला.