सहा चाकांचं कुलूप

"मामा, हातोडी खाली ठेवा!" विनुता ओरडली.

"मग वीणा बाहेर कशी काढू? फुंकर मारून?" मुरलीकृष्णमामांनी घाम पुसला.

आज संध्याकाळी तिरुवैयारूला हरिताताईची पहिली कच्चेरी, म्हणजे वीणेची मैफल, होती, आणि पणजीची वीणा या काळ्या पेटीत अडकलेली! ताई पेटीभोवती नुसत्या येरझारा घालत होती. दारात ऑटो घुरघुरत होता. तारा बदललेली वीणा मामांनी सकाळीच कारागिराकडून आणली होती. काल तारा बदलून झाल्यावर पेटीला आकड्यांचं कुलूपही त्यांनीच तिथं लावून ठेवलं होतं. आकडा मात्र विसरले!

"काहीतरी आठवा ना!" सुट्टीसाठी चेन्नईहून आलेला मावसभाऊ साईराम म्हणाला.

"दोन्ही टोकांना एक. मधे शून्य आणि तीन. उलटा वाचला तरी तोच. शिवाय मूळ संख्या! एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग जात नाही. चोराला सापडणं शक्य नाही!"

"मालकालाच सापडेना! किती आकडे होते?"

"ते मोजले कोणी?"

विनुतानं चाकं फिरवली. १०३३०१. ढिम्म! १३००३१. तेही नाही! सवयीनं ती मनात भागाकार करत होती. दोन्हींना अकरानं भाग जात होता. तिनं चाकं मोजली. सहा!

"अशी मूळ संख्या असूच शकत नाही!"

"अय्यो, आता शाळा भरणार," साईराम कुरकुरला.

"ऐक रे! पहिला, तिसरा, पाचवा आकडा मिळव. मग दुसरा, चौथा, सहावा. दोन्ही बेरजा सारख्या आल्या की अकरानं भाग जातो. इथं पहिला तोच सहावा, दुसरा तोच पाचवा, तिसरा तोच चौथा. बेरजा सारख्याच येणार!"

"म्हणजे मामा चुकले?"

"मामा बरोबर असतील, तर कुलूप चुकलंय. ही पेटी आपली नाहीच!"

हातोडी मामांच्या हातून गळालीच. "तिथं सगळ्या पेट्या काळ्याच होत्या... आणि मी फोनवर बोलत होतो."

पेटीसकट सगळे ऑटोत कोंबले गेले. कारागिराकडे पोचले, तर एक आजोबा दुसऱ्या काळ्या पेटीच्या कुलपात स्क्रू-ड्रायव्हर खुपसत होते!

"थांबा!" तिघं एकदम ओरडली.

"काय थांबा? माझे सहा आकडे लावले, तरी एक चाक उरतंच!"

"सात चाकं!" विनुता पुढे धावली. "मधल्या आकड्याला जोडीच नाही, म्हणून बेरजा सारख्या येतीलच असं नाही. आता जमेल!"

साईरामनं घाईनं १०३०३०१ लावलं. कुलूप हललं नाही.

"ती मूळ नाही! एकशे एक गुणिले एकशे एक गुणिले एकशे एक केलं की तीच येते." विनुतानं तीन एकटाच मधोमध ठेवून लावलं : १००३००१.

खट्!

हरिताताईनं वीणा छातीशी धरली. तिकडे आजोबांचीही पेटी उघडली. त्यांचं नाव सीतारामराव. पन्नास वर्षं त्यांनी हीच वीणा वाजवली होती. मामांच्या हातोडीची गोष्ट ऐकून त्यांनी आपला स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला. मग त्यांनी विनुताच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, आज दोन वीणा वाचवल्यास."

"आता आणखी मजबूत कुलूप आणतो," मामा ऑटोत चढताना म्हणाले. "आठ चाकांचं! त्यालाही असाच उलटसुलट सारखा, मूळ आकडा!"

"मामा, पुन्हा अकरा!!" तिघांनी एकदम कपाळाला हात लावला.