अव्वाच्या फोटोला हार

तो मोबाईल खाली ठेव आधी, बसवेश. तुम्ही पोरं भुताच्या मालिका बघता अन् रातच्याला अंगणात जायला सोबत मागता! चल, मालिकेपायी खरं घडलेलंच सांगतो. खोटं वाटलं तर नळदुर्गात जाऊन गुंडाप्पाला विचारा. डिश बसवतो तो, माझा जुना दोस्त. त्याच्या डोळ्यांदेखत झालंय.

गेल्या येळवशीची रात. अमावास्या, शेतात जेवायचा सण. दिवसभर सगळं गाव शेतात भज्जी-आंबील जेवून, सुस्तावून घरी आलेलं. दिवेलागणीला गुंडाप्पाला शिवपुत्राचा फोन आला. हायवेपासून आत, खेड्यात त्याचं घर. म्हणाला, "काका, टीव्हीवर चित्र फुटायलंय, लगेच या. आज आमचा एपिसोड हाय." गुंडाप्पा फटफटीला शिडी बांधून निघाला.

एपिसोड म्हंजे काय, तर दसऱ्याच्या सुमाराला मुंबईची माणसं त्या घरात शूटिंग करून गेली होती. कुठल्याशा जुन्या सिनेमावरून भुताच्या मालिकेचा एक भाग काढायचा होता. मेलेली आई भिंतीवरच्या फोटोतनं उतरून येती, अशी गोष्ट. मग फोटो पायजे का न्हाय? म्हातारीचा, हार घातलेला. या पठ्ठ्यानं आपल्या आईचाच फोटो दिला. शिवम्माचा. सारं गाव तिला अव्वा म्हणायचं, म्हंजे आई.

"वारल्या का?" त्यांनी विचारलं.

"व्हय," म्हणाला.

अन् शिवम्मा जिती! मागच्या खोलीत अंथरुणाला पडलेली, कूस बदलायलाबी माणूस लागायचं. शूटिंगच्या मधी ती खोकली. त्यांनी विचारलं, कोण खोकतंय? हा म्हणाला, "शेजारची म्हातारी हाय." पोटचा पोरगा! जीभ कशी झडली न्हाय त्याची, मला आजबी समजत न्हाय.

शूटिंगवाले गेले, फोटोवरचा प्लास्टिकचा हार तसाच राहिला. सून भुवनेश्वरी म्हणायची, एपिसोड लागूस्तोवर असू द्या, लोक हौसेनं बघायला येतेत.

तर गुंडाप्पानं वायर ओढत मागच्या खोलीत पाय टाकला.

"गुंडाप्पा, आलास का बाबा?"

"आलो अव्वा. बरं हाय न्हवं?"

"कशाचं बरं! त्यो हार तेवढा काढ रे. मी जिती हाय. बायका येतेत, फोटो बघतेत अन् तशाच मागं फिरतेत. माझ्याशी कुणी बोलंना झालंय. आज समदी शेतात गेली, मला घोटभर आंबील द्यायचीबी याद न्हाय कुणाला..."

गुंडाप्पानं बाहेर येऊन फोटोच्या भिंतीला शिडी लावली, वर चढला. हाराला हात लागतोय तोवर शिवपुत्र खेकसला, "काका, राहू द्या की! आज हार दिसाय पायजे लोकांना. सकाळी मी स्वतः काढतो."

दुसऱ्याचं घर. गुंडाप्पा काय करणार? उतरला.

आतनं आवाज आला, "मग सकाळपातूर मी काय करू रे?"

शिवपुत्रानं मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

माणसं जमली. पोरं पुढं, बाया दारात. मालिका सुरू झाली. टीव्हीत तेच घर, तेच दार. ज्याला त्याला कौतुक! मागच्या खोलीतनं खोकला चालूच होता. भुवनेश्वरीनं आवाज वाढवला.

मग फोटो आला.

हळूहळू जवळ... आणखी जवळ. कपाळावरची विभूती दिसली. डोळे दिसले.

मागचा खोकला थांबला.

अन् टीव्हीतनं आला.

तोच. पोरं हसली. "आवाज लई भारी सोडलाय!" म्हणाली. शिवपुत्र हसला न्हाय. त्यानं रिमोट दाबला. टीव्ही बंद झाला.

खोकला चालूच...

काळी काच. आत कायबी न्हाय. अन् खोकला.

पोरं दाराकडं सरकली.

मग तोबी थांबला.

गुंडाप्पा उठला. मागच्या खोलीचं दार लोटलं. हाक मारली... "अव्वा?"

शिवम्मा बसली होती.

ऐकलंत का? कूस बदलता येत न्हवती ती बाई. बसली होती. मांडी घालून, ताठ. कपाळाला ताजी विभूती. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर. आमच्या लिंगायतांत मेलेल्याला माती देताना बसवतात ना, तशी. आधीच तयार होऊन.

श्वास न्हवता.

दुसऱ्या दिवशी मळ्यात माती दिली. शिवपुत्र लई रडला. रडू दे, आता रडायला काय जातंय! हार काढायचंबी कारण उरलं न्हवतं.

सगळे मातीला गेले होते, घराला कुलूप होतं. परत आले, दार उघडलं. अन् भुवनेश्वरी किंचाळली.

फोटोच्या शेजारी भिंतीत एक खिळा होता. नवा. त्याच उंचीवर, दुसरा फोटो टांगायला ठोकावा तसा. खाली चुना सांडलेला.

शिवपुत्रानं साऱ्यांना विचारलं. कुणी ठोकला न्हवता. गुंडाप्पानं पक्कड लावून बघितली, दोघांनी मिळून ओढलं. हालला न्हाय.

शिवपुत्र आता ओट्यावर झोपतो, थंडीतसुद्धा. अन् त्या खिळ्याला घरातलं कुणी काही अडकवत न्हाय. कॅलेंडरबी न्हाय.